मोठ्या जवायाचा भरणा

कुरखेड्याला लच्छूची धानगिरणी होती, आणि ती सुरू झाली की बाजारातल्या अर्ध्या लोकांना एकमेकांचं बोलणं ऐकू येत नसे. गावातल्या भांडणांना त्यामुळे दिवसातून काही तास तरी सुट्टी मिळे. लच्छूला मात्र इंजिनाच्या वरताण बोलायची सवय लागली होती. घरात, देवळात, मयतात, कुठेही तो बोलायला लागला की कुणीतरी उठून इंजिन बंद करावं असं वाटायचं. माणूस कष्टाळू, मापाला चोख, पोटात पाप नसलेला. पोटात दुसरं काय होतं ते त्याच्या बायकोला, रंभेला, ठाऊक होतं. नव्या माणसाला ती आधीच सांगून ठेवी, "बाकी सब बेस हाये जी. फक्त त्यायच्या साडूचं नाव काढू नोका."

साडू म्हणजे धानोऱ्याचा पत्रू, रंभेच्या धाकट्या बहिणीचा, भागीरथेचा नवरा. हिरडा, मोह, डिंक, लाख, असं जे जे जंगलातून लोकांच्या डोक्यावर बसून खाली यायचं ते पत्रूच्या गोदामात उतरायचं. पत्रूने सायकल घेतली तेव्हा सायकलीनं मूत्रपिंड हलतं असं लच्छूने चारचौघांत सांगितलं, आणि पुढच्या दिवाळीला दिव्याची सायकल घेतली. पत्रूने सोन्याचा दात बसवला तेव्हा लच्छू काही दिवस आरशात स्वतःचे दात न्याहाळत होता. सगळे धडधाकट होते. त्याला फार वाईट वाटलं.

पण एक गोष्ट पत्रूला मिळण्यासारखी नव्हती. थोरली पोरगी लच्छूला दिली होती. सासरा दादाजी वडशाजवळच्या एका खेड्यात राहत असे, आणि त्याच्या दारात पाय धुवायचं पहिलं पाणी मोठ्या जवायाला, जेवायला पहिला पाट मोठ्या जवायाला. पत्रूने सगळं जंगल विकत घेतलं असतं तरी त्याचा पाट दुसराच राहिला असता. लच्छू त्या पाटावर बसताना जरा वेळ घेऊन बसे.

वडशाला स्टेशनाजवळ व्यापाऱ्यांची एक लहानशी बँक होती. दोघा साडूंची खाती तिथेच, आणि कॅशियर नथ्थू हा दादाजीच्याच गावचा. आता गावचा जवाई हा साऱ्या गावाचा जवाई. त्याला नावानं हाक मारणं म्हणजे त्याच्या सासऱ्याच्या अंगणात थुंकणं. म्हणून नथ्थू दोघांनाही "या जवाई" म्हणायचा. लच्छूला हे काही दिवस चाललं. मग एकदा त्याने जाळीच्या खिडकीत तोंड घालून, म्हणजे साऱ्या बँकेला ऐकू जाईल असं, सांगितलं, "नथ्थूभाऊ, दोघायले एकच जवाई म्हनून राह्यले तुमी. आमाले मोठे जवाई म्हनत जा."

"हाव जी," नथ्थू म्हणाला. त्याचा काही पगार कापला जाणार नव्हता.

त्या बँकेत लच्छूला आणखी एक गोष्ट खुपत असे. पत्रूच्या खात्यात पैसे नसले तरी पत्रू चेक फाडायचा आणि बँक तो वटवायची. याला ओव्हरड्राफ्ट म्हणत, आणि झाडीपट्टीतली माणसं ओडराफ. पत्रूला तो मंजूर होता, अमुक रकमेपर्यंत, मॅनेजरच्या सहीनिशी. लच्छूच्या खात्यात कायम पैसे असायचे, त्यामुळे त्याला कुणी काही मंजूर केलेलं नव्हतं. ज्याचे पैसे बँकेकडे असत तो बाहेर बाकावर बसे. ज्याच्याकडे बँकेचे पैसे असत तो आत खुर्चीवर चहा पीत असे. बाकावर बसून लच्छू आतल्या कपबशीचा आवाज ऐकायचा. "थो कर्जात हाये कर्जात," तो शेजारच्याला सांगायचा. शेजारचा आत पाहत म्हणायचा, "भाग्य लागते भाऊ."

पंचावन्न सालच्या उन्हाळ्यात लच्छूने गिरणीचं इंजिन नवं घ्यायचं ठरवलं. नागपूरच्या दुकानाला चेक द्यायचा, तेवढी भर खात्यात पाहिजे, म्हणून त्याने गिरणीतल्या इतवारीला रोकड देऊन मोटारीनं वडशाला पाठवलं. इतवारी वयानं लच्छूच्या बापासारखा, आणि पैशाच्या बाबतीत बापापेक्षा भरवशाचा. पण मालकाचं नाव घ्यायचं नसतं हे त्याच्याही हाडात होतं. खिडकीपाशी जाऊन त्याने गाठोडं ठेवलं आणि सांगितलं, "मोठ्या जवायाचा भरणा हाये जी."

नथ्थूने मोजले, लिहिले, शिक्का मारला. पावतीवर लिहिलं होतं, 'मोठे जवाई यांजकडून रोख भरणा.' ती पावती हातात आली तेव्हा लच्छूने ती दोनदा वाचली, आणि रकमेकडे पाहायचं राहून गेलं. बँकेच्या शिक्क्यावर, दौतीच्या शाईनं, मोठे जवाई. त्याने ती देवघरात ठेवली. कुणाच्या खात्यात भरणा, ही ओळ नथ्थूने पावतीवर कोरीच सोडली होती. देवांनीही विचारलं नाही.

पावसाळा लागता लागता बँकेचं पत्र आलं. खात्यात पुरेसे पैसे नसताना आपण चेक दिला, बँकेने आपली पत पाहून तो वटवला, सबब मंजुरीवाचून केलेल्या जादा उचलीचं व्याज आणि दंड मिळून एकतीस रुपये सहा आणे आपल्या नावे टाकले आहेत. म्हणजे लच्छूलाही ओडराफ झाला होता. फरक एवढाच की पत्रूने तेच केलं तर चहा, आणि लच्छूने केलं तर दंड.

दुसऱ्याच दिवशी तो चिखलातून वडशाला गेला. नथ्थूने चोपडं उघडलं, बोट फिरवलं आणि त्याचं तोंड उतरलं.

"मोठे जवाई, थे पैशे त धानोऱ्याच्या जवायाच्या खात्यात गेले."

"पत्रूच्या? काऊन?"

"इतवारी म्हने मोठ्या जवायाचा भरणा."

"मंग? मोठा कोन हाये?"

नथ्थूने खिडकीच्या जाळीतून त्याच्याकडे केविलवाणं पाहिलं. खोटं बोलायला त्याला वेळ मिळाला नाही. "आता... मोठे म्हंजे मोठेच ना जी. एवढी मोठी रक्कम, मले वाटलं..."

लच्छूने न ओरडता जाळीतून तोंड मागे घेतलं, आणि बाकावरची माणसं त्यामुळेच चपापली. कैक महिने हा नथ्थू त्याला तोंडावर मोठे जवाई म्हणत होता. आणि पैसे हातात येताच, मनात काही न योजता, त्याचं बोट पत्रूच्या पानावर गेलं होतं. एकतीस रुपयांचा दंड त्यापुढे काहीच नव्हता.

मॅनेजर नागपूरकडचा, चष्म्याचा, कुणाच्याच सासुरवाडीचा नसलेला माणूस होता. त्याने प्रकरण मिटवायचा सोपा मार्ग सांगितला. "तुमच्या साडूंनी दोन ओळी लिहून द्याव्यात, की हे पैसे माझे नाहीत. रक्कम तुमच्या खात्यात फिरवतो."

"त्याले मी मांगू?"

"नातेवाईकच आहेत ना?"

"म्हनून त," लच्छू म्हणाला आणि छत्री विसरून बाहेर पडला.

त्या वर्षी भादवा अधिक आला होता. धोंड्याच्या महिन्यात जवायांना बोलावून अनारशांचं वाण द्यायचं, म्हणून दादाजीनं दोघांनाही बोलावणं धाडलं. लच्छू मनाशी ठरवून गेला की पैशाचा विषय काढायचा नाही. पहिलं पाणी त्याच्याच पायावर पडलं, पहिला पाट त्यालाच मिळाला, आणि पानात पहिला अनारसा पडला तोच पलीकडच्या पाटावरून पत्रू हसत म्हणाला,

"मोठे भाऊ, तुमचे पैशे माह्या खात्यात घुसले होते जनू! मले कालच समजलं. चिठ्ठी लिहून देऊन आलो बँकेत. आज फिरवले असन त्यानं."

दादाजी वाढता वाढता थांबला. "म्हंजे एवढी रक्कम आयती आली होती, अन तू वापस केली?"

"त्यायची होती, मामाजी. मी कायले ठेवू?"

"पाह्य बावा," दादाजी पंक्तीत बसलेल्या भाऊबंदांना म्हणाला, "असं मोठं मन लागते मानसाले."

भाऊबंदांनी माना डोलावल्या. मोठं हा शब्द लच्छूच्या डोळ्यांदेखत एका पाटावरून उठून दुसऱ्या पाटावर जाऊन बसला. स्वतःचे पैसे स्वतःला परत मिळाले याबद्दल त्याने साडूचे आभार मानायचे होते, आणि सगळे त्याची वाट पाहत होते. त्याने अनारसा एकदम तोंडात घातला. अनारसा खाताना आभार मानता येत नाहीत.

"अन थे दंडाचं बी," पत्रू पुढे म्हणाला, "मी बोलतो साहेबासंग. आपली ओरख हाये तिथी. एक चहा पेलो की काम होऊन जाते."

अनारसा कोरडाच खाली गेला. "नाई!" लच्छू ओरडला. शेजारच्या गोठ्यातली म्हैस उठून उभी राहिली. "दंडाचं मी पाह्यतो. कोनी मंधात बोलाचं नाई."

"बरं बरं," पत्रू म्हणाला. "मी आपलं सहज म्हनलो."

हे सहजच लच्छूला जन्मभर जमलं नव्हतं.

परतीच्या छकड्यात रंभा म्हणाली, "जवाई भल्ला मानूस हाये."

"कोनता?"

"तुमीच सांगा."

आता लच्छूला काय हवं होतं हे स्पष्ट होतं. एकतीस रुपये सहा आणे बँकेकडून परत मिळवायचे, स्वतः मिळवायचे, आणि पत्रूला साहेबाकडे चहा प्यायची लहर येण्याच्या आत मिळवायचे. अन्यायाविरुद्ध उभ्या राहणाऱ्या माणसांपैकी कितीजणांच्या मागे साडू असतो, याची नोंद कुणी ठेवत नाही.

मॅनेजर दंड सोडायला तयार नव्हता. त्याचं म्हणणं सरळ होतं. रक्कम फिरवली, ती साडूच्या सौजन्यानं. पण चूक बँकेची नाही. "तुमच्या माणसाने सांगितलं मोठे जवाई. तुम्हाला वाटतं ते तुम्ही. कॅशियरला वाटलं दुसरे. ज्या शब्दाचे दोन अर्थ निघतात तो वापरला कुणी?"

"दोन कुठी निघतेत? मोठी पोरगी ज्याले देली थो मोठा. साऱ्या गावाले मालूम हाये."

"तसं तुमचे सासरे म्हणतील?"

"उद्या आनतो!"

दादाजीला सायकलीच्या दांडीवर बसवून आणणं बरं दिसलं नसतं म्हणून छकडा केला. म्हातारा नवं धोतर नेसून आला. बँकेत यायची त्याची पहिलीच वेळ. त्याने जाळीला नमस्कार केला. मॅनेजरने मोठ्या अदबीनं विचारलं, "दादाजी, तुमचे मोठे जवाई कोण?"

लच्छू खुर्चीवर पुढे सरकला. होय, त्या दिवशी त्याला आत खुर्ची मिळाली होती, पण ती मिळाल्याचं त्याच्या लक्षातही आलं नाही.

दादाजीने लच्छूकडे पाहिलं. मग त्याला दिसलं की हा बोललेला शब्द कागदावर उतरणार, कागद बँकेत राहणार, आणि बँकेत दुसरा जवाईही येतो. त्याला दोन पोरी होत्या आणि दोघींच्याही घरी म्हातारपणी जायचं होतं. तो हात जोडून म्हणाला,

"साहेब, मले दोनी मोठेच."

मॅनेजरने टाक खाली ठेवला. "बघा. मी म्हटलं नव्हतं?"

बाहेर आल्यावर दादाजी म्हणाला, "काऊन जवाई, बेस बोललो ना?" लच्छूने त्याला छकड्यात चढायला हात दिला. जोर जरा जास्त लागला.

मग कार्तिकापर्यंत लच्छू पेटत राहिला. गिरणीत धानाला सुरुवात झाली होती, नवं इंजिन जुन्याहून मोठ्यानं ओरडत होतं, आणि तो पोत्यांना टेकून अर्ज लिहीत होता. प्रत्येक अर्ज 'मोठे जवाई म्हणजे मीच, कारण' इथून सुरू व्हायचा. कारणं पुष्कळ होती. पाय धुवायचं पाणी, पाट, लग्नाची साल, सासूबाईंनी पहिल्या दिवाळीला दिलेलं धोतर. एका अर्जात त्याने पत्रूचा सोन्याचा दातही घातला होता, पण तो कुठल्या मुद्द्याला लागू पडतो हे ठरेना म्हणून खोडला. मध्येच बातमी आली की पत्रू पुढच्या आठवड्यात आपल्या ओडराफची मुदत वाढवून घ्यायला वडशाला जाणार. म्हणजे चहा होणार. म्हणजे सहज म्हणून विषय निघणार.

रंभा पायलीनं तांदूळ मापत होती. मापता मापता म्हणाली, "एक विचारू? नथ्थूनं इतवारीले नाव विचारलं होतं का?"

"कोनाचं नाव?"

"तुमचं. पैशे घेतानी."

"नाई. त्याले काय मालूम नाई का माहं नाव?"

"मालूम असन. पन विचारलं नाई ना? आता मी तांदूळ देतो, थे कोनाचे म्हनून विचारल्याबिगर देतो का? मंग बँक नाव न विचारता पैशे कशे घेते? तेवढंच लिहा. मोठा कोन अन लहान कोन, साहेबाले काय करा लागते?"

लच्छूने टाक उचलला आणि तसाच धरून बसला. बाईचं म्हणणं लख्ख होतं. नाव न विचारता भरणा घेतला, ही बँकेची चूक. चूक बँकेची तर दंडही बँकेच्याच अंगावर. यात मॅनेजरला पळायला वाट नव्हती. पण ते लिहायचं तर त्याच्या आधी आणखी एक वाक्य लिहावं लागत होतं, आणि ते वाक्य लच्छूच्या बोटांतून उतरत नव्हतं.

"काय झालं?"

"असं लिहा लागन, का 'मोठे जवाई' म्हनल्यानं मानूस कोन थे समजत नाई."

"मंग लिहा."

"माह्या हातानं लिहू? माही सही करून?"

"नोका लिहू. पत्रूभाऊ बोलनच साहेबासंग. भल्ला मानूस हाये."

हे ती मुद्दाम बोलली की नाही, यावर नंतर नवराबायकोत एकमत झालं नाही. लच्छूने इंजिन बंद करायला सांगितलं. बाजारात एकदम शांतता पडली आणि कुणीतरी मेलं की काय म्हणून दोघंतिघं दाराशी आले. त्यांच्यासमोर लच्छूने लिहिलं: 'मोठे जवाई हे नाव नव्हे. त्यावरून इसम कोण हे कुणासही कळत नाही. सबब कॅशियरने नाव विचारणे जरूर होते, ते विचारले नाही.' खाली त्याने आपलं नाव लिहिलं, बापाचं लिहिलं, आडनाव लिहिलं, गाव लिहिलं. दौतीतली शाई संपेपर्यंत तो स्वतःला लिहीत होता.

मॅनेजरने अर्ज वाचला. चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचला. "हे कुणी लिहून दिलं?"

"मीच लिहिलो. काऊन, चुकलं का?"

"चुकलं असतं तर बरं झालं असतं," मॅनेजर म्हणाला.

दंड आणि व्याज परत करायचा हुकूम झाला, त्या दिवशी लच्छू रंभेला घेऊन वडशाला आला होता. तिला माहेरी जायचं होतं. रंभा दाराशी थांबली, आणि पैसे घ्यायला तो खिडकीपाशी गेला. नथ्थूने मान वर केली. त्याला साहेबानं सगळ्यांदेखत खडसावलं होतं आणि त्याचं मन अजून ताजं दुखत होतं.

"नाव?" नथ्थूने विचारलं.

"अरे मी..." लच्छू म्हणाला. मग त्याने नाव सांगितलं. गिरणी चालू नसताना जेवढ्या आवाजात सांगतात तेवढ्याच आवाजात.

नोटा मोजत असतानाच मागून पत्रू आला. मुदतवाढीच्या कामासाठीच आला होता. "भेटले का, भाऊ?"

"भेटले." लच्छूने नोटा जरा पसरून धरल्या. "पुरे. आन्यासकट."

पत्रूने नोटांकडे पाहिलं. मग म्हणाला, "मले बी मागच्या साली मुदतीवर एक दिवस गेला म्हनून दंड लावला होता यायनं. साहेबाले दोनदा बोललो, चहा बी पेलो. नाई देल्ले. तुमी कसं जमवलं? अर्ज कसा लिहाचा, सांगान का?"

लच्छूला हे ऐकायला फार वर्षं लागली होती. त्याने पत्रूला बाजूच्या बाकावर बसवलं आणि अर्ज कसा लिहायचा ते सांगितलं. मोठेपणानं सांगितलं, सावकाश सांगितलं, आणि सांगता सांगता पत्रूच्या चेहऱ्यावर एक गोष्ट शोधत राहिला. भुवयांत शोधली, ओठांच्या कोपऱ्यात शोधली. एकदा, नोटा घडी करून खिशात घालताना, ती तिथे डाव्या डोळ्याखाली हलल्यासारखी वाटली. तेवढ्यानं त्याचं पोट थंड झालं. पत्रू "उपकार झाले भाऊ" म्हणून आत गेला, आणि आतून कपबशी वाजली. लच्छूने ऐकलं नाही.

छकडा गावाबाहेर पडल्यावर त्याने रंभेला विचारलं, "मी नोटा खिशात घालतानी त्याचं तोंड पाह्यलं होतं का तू?"

"पाह्यलं होतं."

"मंग? कसं झालं होतं? जरासं करपल्यावानी?"

"घाम आला होता त्यायले," रंभा म्हणाली. "ऊन होतं."